इलेक्ट्रिक विंच बसवावी का हाताचा टिरफॉर ठेवावा?

मृग लागला की आमच्या परभणीकडच्या काळ्या रानात पिकअप रुतणार हे ठरलेलंच, म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच की समोर इलेक्ट्रिक विंच (मोटरनं ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवू का गाडीत टिरफॉर (दांडा हलवून हातानं दोर ओढायचं यंत्र) टाकून ठेवू. मी दोन्ही वापरलेत, विंच चार पावसाळे अन् टिरफॉर दोन, त्यावरून सांगतो. तुमचं रान, तुमची गाडी वेगळी असू शकते.

ओढायच्या सुखाला विंचला तोड नाही. बटण दाबलं की गाडी येते, एकट्यानं काम होतं. फक्त कंपनी जी ताकद सांगते ती ड्रमवरच्या सगळ्यात खालच्या थराची, दोर गुंडाळत गेला तशी ओढ कमी होते, आणि पूर्ण लोडला 400 अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तेवढा अल्टरनेटर देतच नाही, बहुतेक भार बॅटरीवर येतो.

मला वैताग आणला तो पाण्यानं. आमच्या वाटेत ओढा आहे. पाण्यात असताना विंच चांगली ओढते हो, दगा नंतर देते. विंचवर लिहिलेला आयपी67 हा पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, ते खरं, पण ओढून ओढून मोटर तापलेली असते अन् ती गार पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचून घेते. बाहेरून काहीच कळत नाही. परतीच्या पावसात सोयाबीनची पोती भरून मोंढ्याला निघालो, बांधाजवळ रुतलो, बटण दाबलं तर नुसतं टक टक. सोलेनॉइडचा (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा) डबा उघडला तर तांब्याच्या पट्टीवर हिरवा थर. दुसऱ्या साली मोटरचे ब्रश गंजून अडकले. मग ओढा ओलांडला की घरी येऊन दोर पूर्ण सोडून परत गुंडाळायचो, मोटर फिरून वाळावी म्हणून, तरी तिसऱ्यांदा तेच, आणि तेबी पोती भरलेली असतानाच. तिथंच माझं मन उठलं.

टिरफॉरमध्ये आत दोन जबडे, एक दोर धरून ठेवतो तोवर दुसरा पुढं सरकतो, बस. चिखलात लोळला तरी डिझेलनं धुवायचा अन् 90 नंबरचं ऑइल सढळ हातानं सोडायचं. लोड जास्त झाला की पिन तुटते, ती तुटायलाच केलेली असते, तिच्या जागी खिळा घालू नका, जीवावर बेतेल. आणखी एक, रुतलेली गाडी बऱ्याचदा आली त्याच चाकोरीतून मागं काढणं सोपं असतं, समोर बसवलेली विंच तिथं काय करणार? टिरफॉर मागंही लावता येतो. जवळ बाभळ नसली तर मी खड्डा करून स्टेपनी आडवी गाडतो अन् तिला दोर बांधतो.

मेहनत मात्र लई आहे. दांडा एकदा मागं-पुढं केला की गाडी दोन-तीन बोटं सरकते, वीस फुटाला मला अर्धा तास लागतो अन् दंड भरून येतात. पाठीचा त्रास असेल किंवा रात्री एकट्यानं जाणं-येणं असेल तर विंचच घ्या, मी नाही म्हणणार नाही, फक्त सोलेनॉइडचा डबा बंपरवर न ठेवता बोनेटमध्ये उंचावर घ्यायला सांगा.

माझा टिरफॉर 3.2 टन ओढीचा आहे, सीटमागं पोत्यात गुंडाळलेला असतो. 1.6 टनाचा घेणार असाल तर सोबत एक पुली घ्याच, ओढ जवळपास दुप्पट होते, दोर मात्र निम्म्याच अंतराला पुरतो.