बाळाची फुप्फुसं तयार आहेत का: सुई की एमआरआय?

मावसबहिणीला बत्तिसावा आठवडा, बीपी चढलेलं, प्रसूती लवकर करावी लागणार. "ताई, पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी तपासू की एमआरआय करू?"

पाण्याची तपासणी जुनी, १९७१ पासूनची. त्यातल्या लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन स्निग्ध पदार्थांचं गुणोत्तर २ च्या वर गेलं की फुप्फुसं बहुधा तयार. पण पोटात सुई जाते. पाणी गळणं, कळा सुरू होणं, हा धोका थोडा का होईना असतोच. नमुन्यात रक्त मिसळलं तर आकडाही बिघडतो.

एमआरआयला सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत. कानात बोळे घालून यंत्राची ठकठक ऐकत कुशीवर पडायचं. टी-२ चित्रात (यात द्रव उजळ दिसतो) द्रवाने भरलेलं फुप्फुस यकृतापेक्षा उजळ दिसतं, आठवडे भरतील तसं आणखी उजळ. पण उजळपणा म्हणजे सर्फॅक्टंट (फुप्फुसं मिटू न देणारा पदार्थ) नव्हे, आणि 'इथून पुढे तयार' असा सर्वमान्य आकडा अजून नाही. बिल मात्र हजारांत.

बाळाला डायफ्रॅमचा, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याचा, हर्निया असेल, फुप्फुसाचं आकारमान मोजायचं असेल, तर एमआरआय उत्तम. परिपक्वतेचाच आकडा हवा असेल तर पाणी. हिच्यासारख्या, जिची प्रसूती टळणारच नाही, तिला दोन्ही कशाला? निकाल काहीही आला तरी निर्णय तोच. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात ती बीटामेथासोनची दोन इंजेक्शनं, २४ तासांच्या अंतराने, याबद्दल डॉक्टरांना आजच विचार म्हटलं.