भिंतीवरचा नोंदणी क्रमांक नेमका कोणाचा?

माझ्या धाकट्या बहिणीला अचानक घाबरण्याचे झटके येऊ लागले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी औषधांच्या जोडीला समुपदेशन सुचवले आणि ओळखीतून एका ‘परवानाधारक समुपदेशन मानसशास्त्रज्ञा’चे नाव कळले. त्या गृहस्थांनी सर्व सत्रांचे पैसे आगाऊ घेतले, पावती देण्याचे टाळले आणि गोळ्यांनी मन दुबळे होते असे सांगून तिला त्या बंद करायला लावल्या. गोळ्या एकाएकी थांबल्याने तिचा त्रास बळावला. औषध सुरू किंवा बंद करणे मानसशास्त्रज्ञाच्या अखत्यारीत येत नाही, असे तिच्या डॉक्टरांनी बजावल्यावर आम्ही त्या गृहस्थांची पात्रता तपासायला घेतली.

त्यांच्या भिंतीवर सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र होते. त्यावर ठळक अक्षरांत ‘सरकारमान्य’ आणि खाली नोंदणी क्रमांक छापलेला होता. तो क्रमांक खरा निघाला; मात्र तो त्यांचा नसून त्यांना पदविका देणाऱ्या खासगी संस्थेच्या सोसायटी नोंदणीचा होता. शेजारचे आयएसओ 9001 प्रमाणपत्रही संस्थेच्या कारभाराविषयीचे होते, आणि त्यावरून उपचार करणाऱ्याचे शिक्षण कळत नाही. कागद खरे आणि दावा खोटा, अशी ही फसवणूक असल्यामुळे ती चटकन लक्षात येत नाही.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. नाव आणि क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतात, आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागत असल्याने तिची मुदतही पाहावी. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणाऱ्यास त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. झालेल्या हानीपुढे हा दंड मला फारच तुटपुंजा वाटतो.

मानसशास्त्रात एम. ए. करून प्रामाणिकपणे समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकाचे नाव या नोंदवहीत असतेच असे नाही, त्यामुळे नाव सापडले नाही एवढ्यावरून कोणाला भोंदू ठरवणे अन्यायाचे होईल. अशा व्यक्तीला पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष प्रशिक्षण कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली झाले, हे विचारावे. सरळ माणूस ते न चिडता सांगतो आणि आपल्याकडे नसलेला परवाना मिरवत नाही. आम्ही विचारले तेव्हा त्या गृहस्थांनी ‘विश्वास नसेल तर उपचार लागू पडणार नाहीत’ असे म्हणून बहिणीलाच अपराधी वाटायला लावले, आणि पैसे बुडाल्यापेक्षा मला याचाच संताप अधिक आहे.

पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. पावती नसली तरी बँकेतून पैसे गेल्याची नोंद आणि त्यांचे संदेश जपून ठेवल्यामुळे ग्राहक आयोगाकडे तक्रार करता आली. तक्रारीची प्राथमिक माहिती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मिळते, आणि मधल्या काळात मानसिक आधाराची गरज भासल्यास टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे.