एसपीएफ पास, डीमार्क पास, तरीही मेल भामट्याचा

पुरवठादाराकडून मेल येतो: 'आमचं बँक खातं बदललंय, पुढचं बिल नव्या खात्यात भरा.' पत्त्यात स्पेलिंगची गडबड नाही. शंका आली म्हणून हेडर (मेलसोबतची तांत्रिक माहिती) उघडावेत, तर तिथे एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) पास, डीमार्क (दिसणारा पत्ता खरा आहे का याची तपासणी) पास. पैसे भरले जातात. मग पुरवठादार सांगतो, असा मेल आम्ही पाठवलाच नाही. तो खरं बोलत असतो. त्याचा सर्व्हर हॅक झालेला नसतो, कुणाचा पासवर्डही गेलेला नसतो.

भोक असतं डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावांच्या नोंदवहीत. समजा, कधीकाळी जाहिरातीसाठी 'ऑफर.कंपनी.कॉम' हे नाव सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) टाकून दुसऱ्या एका डोमेनकडे वळवलं. जाहिरात संपली, त्या दुसऱ्या डोमेनचं नूतनीकरण कुणी केलं नाही, सीनेमची ओळ मात्र झोनमध्ये (कंपनीच्या डीएनएस नोंदींच्या यादीत) तशीच राहिली. सुटलेलं डोमेन भामटा स्वतःच्या नावावर नोंदवतो आणि त्यावर आपल्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यांचं एसपीएफ टाकतो. सीनेम फक्त वेबसाइट वळवतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो त्या नावाचं सगळंच वळवतो, एमएक्स (मेल कुठे यावा ही नोंद) आणि टीएक्सटीसुद्धा (एसपीएफ ज्यात लिहितात ती नोंद). त्यामुळे 'ऑफर.कंपनी.कॉम'चं एसपीएफ विचारलं की उत्तर भामट्याचं मिळतं.

खरी मेख पुढे आहे. रिटर्न-पाथमध्ये (न पोचलेला मेल परत जाण्याचा पत्ता; एसपीएफ तपासतं ते यालाच) 'ऑफर.कंपनी.कॉम' असतं, पण वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉममध्ये चक्क 'अकाउंट्स@कंपनी.कॉम'. डीमार्कची जुळणी (या दोन पत्त्यांची डोमेन जुळतात का ते पाहणं) मुळात 'रिलॅक्स्ड', म्हणजे सैल असते. मुख्य डोमेन एकच असलं की तिला पुरतं. डीमार्कची पॉलिसी 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) ठेवूनही उपयोग नाही, कारण मेल नापास होतच नाही. गार्डिओ लॅब्ज या सायबरसुरक्षा संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड केलेल्या अशा एका प्रकारात ८,००० हून अधिक डोमेन वापरली गेली होती.

झोन फाइल काढा आणि प्रत्येक सीनेमचं लक्ष्य 'डिग' या डीएनएस तपासायच्या कमांडने तपासा. 'एनएक्सडोमेन' (असं नावच नाही) आलं तर ती ओळ आजच काढा. उत्तर आलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका, ते डोमेन आज कुणाच्या ताब्यात आहे ते हूइजवर (डोमेन नोंदणीची माहिती देणारी सेवा) पाहा. सीनेम असलेल्या नावावर दुसरी नोंद चालत नाही, म्हणून 'व्ही=एसपीएफ१ -ऑल' (या नावाने कुणीच मेल पाठवत नाही) टाकायचं असेल तर आधी सीनेम काढावा लागतो. सेवा बंद करतानाही आधी डीएनएसची ओळ काढायची, मग करार संपवायचा. हा क्रम हमखास उलटा होतो.

डीमार्कमध्ये 'एएसपीएफ=एस' (एसपीएफची जुळणी सैल नको, तंतोतंत हवी) लावलं की ही वाट बंद होते. मात्र सबडोमेनच्या रिटर्न-पाथने मेल पाठवणाऱ्या तुमच्या खऱ्या सेवांचं डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) मुख्य डोमेनने सही करतंय ना, ते आधी बघा, नाहीतर तुमचेच मेल अडतील. आणि डीकेआयएमचे सिलेक्टरही (सही तपासायची किल्ली ज्या नावावर ठेवतात ती डीएनएस नोंद) बऱ्याचदा सीनेमच असतात. तिथलं लक्ष्य भामट्याच्या हाती गेलं तर तो तुमच्या मुख्य डोमेनचीच सही करू शकतो, मग 'एएसपीएफ=एस' काहीच अडवत नाही.

डीमार्कचे रुआ अहवाल (तुमच्या डोमेनच्या नावाने आलेल्या मेलचा गोषवारा) येत असतील तर एसपीएफ पास झालेल्या ओळीही वाचा. सगळे नापासच शोधत बसतात. अनोळखी आयपी, डीकेआयएम नाही आणि एसपीएफच्या रकान्यात विस्मृतीत गेलेलं सबडोमेन, असं एकत्र दिसलं तर समजा, मेल निघायला लागलेत.