‘फाईल करप्ट आहे’ सांगून माझ्याकडून ३४,९४० रुपये उकळले

बिलिंगचा डेटा नव्या कॉम्प्युटरवर हलवायचा असेल त्यांनी हे वाचाच. माझा संताप अजून शमलेला नाही.

आमचं औषधांचं होलसेल दुकान. बिलं, उधारी, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं एसक्यूएल सर्व्हर या डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका डेटाबेसमध्ये. जुनं मशीन बंद पडलं, पण हार्डडिस्क शाबूत होती. एमडीएफ (मुख्य डेटाची) आणि एलडीएफ (व्यवहारांच्या नोंदींची) दोन्ही फायली नव्या मशीनवर घेतल्या आणि अटॅच करायला, म्हणजे सर्व्हरला जोडायला गेलो, तर एरर ५१२०. सॉफ्टवेअरवाला फोन उचलेना, मार्चएण्ड तोंडावर. नेटवर ‘डेटा रिकव्हरी’वाल्याचा नंबर मिळाला, तो लावला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. रिमोटचं ॲप, गोड बोलणं, आधी थोडे पैसे. तपासणीचे ४,५००. मग ‘हेडर (फाईलचा सुरुवातीचा भाग) करप्ट आहे’ म्हणून २१,०००. डेटाबेस सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफलाइन! ‘रिकव्हरी टूलचं लायसन्स भरा’ म्हणे, जीएसटी धरून ९,४४०. त्याचं बिल आजतागायत आलेलं नाही. डेटाबेस त्यानेच ऑफलाइन केला होता.

पण डोक्यातून जात नाही तो पहिल्या दिवसाचा क्षण. एररची ती चौकट स्क्रीनवर होती. त्यात स्वच्छ लिहिलेलं: ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड. मी ते वाचून दाखवलं. विचारलंही, ‘‘हे परवानगीचं काही आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘काका, फाईल करप्ट झाली की असंच येतं,’’ आणि माझं बोलणं संपायच्या आत त्याने चौकट बंद केली. प्रश्न बरोबर होता हो माझा! उत्तर त्याला माहीत होतं, म्हणून तर एवढी घाई. बाहेर डिलिव्हरीची मुलं बिलांसाठी खोळंबलेली असताना समोरचा एवढ्या ठामपणे सांगतोय, तर कोण वाद घालत बसेल?

नंतर पुतण्याच्या मित्राने जुन्या डिस्कवरची, कुणीही हात न लावलेली फाईल घेतली. तीच एरर आली. मग फाईलच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, तिथे एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस अकाउंटला (ज्या खात्याने तो सर्व्हर चालतो त्याला) फुल कंट्रोल दिला. पुन्हा अटॅच केलं, डेटाबेस हजर. करप्ट काहीच नव्हतं! फाईल खरंच बिघडली असेल तर ५१७२ किंवा ८२४ असले आकडे येतात. ९४८ आला तर फाईल नव्या व्हर्जनची आणि तुमचा सर्व्हर जुना, त्यातही रिकव्हरीचा संबंध नाही. आकडा लिहून घ्या, फोटो काढा, मगच कुणाला फोन करा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात, ‘‘पैसे तुम्हीच पाठवले, काम झालं, मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’’ बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. अहो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये लबाडीने खरी गोष्ट दडवणं हीसुद्धा फसवणूकच म्हटली आहे! हे मी वाचून सांगायचं आणि त्यांनी मान डोलवून ‘सायबरला जा’ म्हणायचं. सायबरवाल्यांनी स्क्रीनशॉट मागितले. दिले. मग म्हणाले, तांत्रिक बाब आहे, तज्ज्ञाचं लेखी मत आणा. तेही आणलं. अर्ज अजून ‘चौकशीवर’च आहे. तो माणूस मात्र रोज नवं गिऱ्हाईक गाठत असणार.

मूळ फाईल कुणाच्याही हाती देऊ नका, कॉपीच द्या. नव्या व्हर्जनच्या सर्व्हरला जोडलेली फाईल जुन्यावर परत लागत नाही. कुणी ‘करप्ट’ म्हणालं आणि फाईल अटॅच होत असेल, तर डीबीसीसी चेकडीबीचा (डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणाऱ्या कमांडचा) रिपोर्ट मागा, तुमच्या समोर. आणि रिमोटवर कुणाला घेतलं असेलच, तर सर्व्हरच्या सिक्युरिटीमध्ये लॉगिन्सची यादी उघडून बघा. आमच्याकडे त्याने स्वतःसाठी ॲडमिन लॉगिन बनवून ठेवलं होतं. अनोळखी लॉगिन काढून टाका, एसए या सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन लॉगिनचा पासवर्ड बदला, रिमोटचं ॲपही लगेच अनइन्स्टॉल करा.