ब्लिट्झ सुधारायचं असेल तर वेळ कशावर घालवायचा: गेम्स, पझल्स, रॅपिड की क्लब?

मागच्या महिन्यात नाशिकच्या अंबडला कंपनीत डबा खाताना आमच्या लाईनवरच्या एका पोराने मोबाईल पुढे केला. म्हणाला, दादा बघा ना, दोन वर्षं झाली बुद्धिबळाच्या ब्लिट्झचं रेटिंग ११०० ते १२०० च्या मधेच घुटमळतंय, रोज तासभर खेळतो, आता ॲपची मेंबरशिप घेऊ का, क्लास लावू का, का नुसती पझल्स (योग्य चाल शोधायची कोडी) सोडवत बसू? प्रश्न बरोबर आहे, आणि हाच प्रश्न गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत मोबाईलवर ब्लिट्झ, म्हणजे प्रत्येकाला तीन-पाच मिनिटं मिळणाऱ्या गेम्स खेळणाऱ्या कित्येकांचा असणार, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या हरलेल्या शेवटच्या वीस गेम्स काढ. त्याला खात्री होती की आपण वेळेवर हरतो, म्हणजे फ्लॅग पडतो. बघितलं तर फ्लॅग पडून हरलेल्या गेम्स फक्त पाच. बाकीच्यांत बहुतेक वेळा मोठी चूक झाली तेव्हा घड्याळात मिनिटाच्या वर वेळ शिल्लक होता. एक गेम तर मला अजून डोळ्यासमोर दिसते. हा काळ्याने खेळतोय, राजा ई८ घरावर, हत्ती ए८ वर, वजीर डी८ सोडून एफ६ ला गेलेला, आणि समोरच्याचा घोडा बी५ ला येऊन बसलाय. याच्या घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद. आणि याने एका सेकंदात एच६ प्यादं पुढे केलं. घोड्याने सी७ चं प्यादं खाल्लं, राजाला शह, हत्ती गेला, गेम संपली. हा घड्याळामुळे हरला नाही, घाईमुळे हरला, आणि या दोन गोष्टींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. माझं म्हणणं सगळं याच्याच भोवती आहे, तुम्ही कसे हरता त्यावर तुमचा मार्ग ठरतो.

आता एकेक पर्याय. बहुतेक जण जे करतात ते म्हणजे अजून गेम्स खेळायच्या, ३+० (तीन मिनिटं, दर चालीला जादा सेकंद शून्य) किंवा सरळ एक मिनिटाची बुलेट. याचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही, हात बसतो, ओपनिंगच्या पहिल्या सात-आठ चाली न थांबता येतात, प्री-मूव्ह (समोरच्याच्या चालीआधीच आपली चाल लावून ठेवणं) कधी टाकायची ते कळतं. (प्री-मूव्हचं गणित लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही ऑनलाइन साइट्सवर वेगळं आहे. लिचेसवर प्री-मूव्हला वेळ लागत नाही पण एका वेळी एकच टाकता येते, चेस डॉट कॉमवर एकापुढे एक बऱ्याच टाकता येतात पण प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग जातो.) पण हिशोब करून बघा, ३+० मध्ये ४० चाली झाल्या तर एका चालीला मिळतात साडेचार सेकंद. एवढ्यात तुम्ही नवीन काही शिकत नाही, जे आधीपासून डोक्यात आहे तेच बाहेर येतं, चांगलं असेल तर चांगलं आणि चुकीचं असेल तर तीच चूक आणखी पक्की होते. त्यातून रात्री अकराला लागोपाठ चार हरल्यावर "एक शेवटची" करत साडेबारा वाजवणं, हे तर रेटिंगला आणि झोपेला दोन्हीला वाईट. दोन सलग हरलो की ॲप बंद, हा नियम मी स्वतःला लावलाय आणि तुम्हीही लावा असं कळकळीने सांगतो.

याच्याच शेजारी ठेवून बघायचा पर्याय म्हणजे गेम्सच खेळायच्या पण इंक्रीमेंटवाल्या, म्हणजे दर चालीला काही सेकंद वाढवून मिळणाऱ्या, ३+२ किंवा ५+३. दिसायला फरक छोटा आहे पण ३+२ मध्ये त्याच ४० चालींना साडेसहा सेकंद पडतात, आणि खरा फायदा शेवटाला होतो, कारण दर चालीला दोन सेकंद परत मिळत असतील तर हत्ती-राजाची मात देता येते, जिंकलेली गेम नुसती फ्लॅगवर जात नाही. शून्य इंक्रीमेंटमध्ये शेवटच्या दहा सेकंदांत जे चालतं ती मोबाईलवर बोटं फिरवण्याची शर्यत असते, त्यातून एंडगेम, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेला शेवटचा टप्पा, कसा खेळायचा ते कधीच कळत नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेची जागतिक ब्लिट्झ स्पर्धासुद्धा ३+२ वरच होते. मला विचाराल तर काहीही न बदलता फक्त एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला, पैसे लागत नाहीत, वेळ जवळपास तेवढाच जातो.

रॅपिड म्हणजे ब्लिट्झपेक्षा जास्त वेळेची गेम, पण त्याबद्दल लोकांचा एक गोंधळ असतो तो आधी सोडवतो. ॲपवर १०+० ला रॅपिड म्हणतात, पण फिडेच्या नियमात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झच. त्यामुळे मी रॅपिड म्हणतोय ते १५+१०, जिथे ४० चालींच्या गेममध्ये चालीला साधारण ३२ सेकंद मिळतात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला वर्ल्ड कप कोनेरू हंपीविरुद्ध जिंकला तो रॅपिडच्या टायब्रेकमध्येच, म्हणजे या वेळेत किती खोल खेळता येतं ते कळतं. या ३२ सेकंदांत एकच सवय लावायची, समोरच्याची चाल झाली की आधी स्वतःला विचारायचं, "याने हे का केलं? आता कशावर मारा आलाय?" ही सवय रॅपिडमध्ये मुरली की महिन्या-दोन महिन्यांनी ब्लिट्झमध्ये तोच प्रश्न दोन सेकंदांत आपोआप पडायला लागतो. उलटं होत नाही, ब्लिट्झ खेळून ही सवय लागताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. अडचण अशी की एक गेम ४०-४५ मिनिटं खाते, घरात लहान पोरं असतील, मधेच कुणी बेल वाजवली, तर ती गेम गेलीच. म्हणून रोज नको, आठवड्याला दोन पुरे, पण संपल्यावर दहा मिनिटं देऊन बघायचीच. लिचेसवर कॉम्प्युटर ॲनालिसिस फुकट आहे आणि कुठल्या चालीला किती वेळ घेतला त्याचा ग्राफही दिसतो. तो ग्राफ बघाच, चौथ्या चालीला २५ सेकंद आणि अठराव्या चालीला एक सेकंद असं काहीतरी दिसेल, आणि अठरावीच चुकलेली असेल.

पझल्सवर माझा फार विश्वास आहे, पण दोन जातीची पझल्स लोक एकच समजतात. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवलं होतं की मास्टर खेळाडूला खऱ्या गेममधली पोझिशन पाच सेकंद दाखवली तरी बरीचशी लक्षात राहते, पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की त्याचा हा फायदा जवळपास संपतो. म्हणजे मास्टर भराभर विचार करतो असं नाही, तो ओळखतो. पझल्समधून ही ओळख वाढते. यातली हळू पझल्स, म्हणजे एकच थीम धरून, आज फक्त फोर्क (एका सोंगटीचा एकदम दोघांवर मारा), उद्या फक्त पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळे जागेवर अडकलेली सोंगटी), सगळी चाल डोक्यात शेवटपर्यंत बघून मगच सोंगटी हलवायची, यातून नवीन ओळख तयार होते. पझल रश (चेस डॉट कॉमवर) किंवा पझल स्टॉर्म (लिचेसवर) ही भराभर सोडवायची पझल्स वेगळी, रशमध्ये तीन चुका झाल्या की बाहेर, स्टॉर्ममध्ये चूक झाली की दहा सेकंद कापले जातात, आणि यातून जी ओळख आधीच झालीय ती पटकन आठवायला शिकता. ज्याचं रेटिंग १५०० च्या खाली आहे त्याने रशच्या मागे लागू नये, तिथे अंदाजाने बोट मारायची सवय लागते आणि तीच गेममध्ये येते. अजून एक, पझल समोर आलं की तुम्हाला माहितीच असतं की इथे काहीतरी आहे. गेममध्ये कुणी सांगत नाही. म्हणून नुसत्या पझल्सवर दोन हजार रेटिंग आणि ब्लिट्झमध्ये हजार असे लोक भेटतात.

पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांसाठी मात्र निवड सोपी आहे. इगतपुरी सुटली की कसारा घाटात बोगदे लागतात, नेटवर्क जातं, आणि चालू गेम वेळेवर हरता, तेव्हा गाडीत ऑनलाइन गेम लावूच नका. लिचेसच्या ॲपमध्ये काही पझल्स आधीच उतरवलेली असतात, ती नेट नसताना सुटतात. गाडीत पझल्स, घरी गेम.

क्लब आणि कोच. विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून २०२४ ला टोरांटोच्या कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, गेला आणि तिथे त्याने हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं, ऑनलाइन ब्लिट्झ म्हटलं की पहिलं नाव निघतं त्या नाकामुराला. साहजिकच आपल्याकडे बुद्धिबळाचा क्लास म्हटलं की लहान मुलं आठवतात आणि पस्तीस-चाळिशीचा माणूस दारातच संकोचतो. संकोचू नका, विश्वनाथन आनंद ४८ व्या वर्षी, २०१७ ला, रॅपिडचा जगज्जेता झालाय. समोर माणूस बसलेला असताना, हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते हा नियम असताना, ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं असताना, आपोआप विचार करून हात पुढे जातो. हे मोबाईलवर होत नाही. पण स्पष्ट सांगायचं तर तुमचं ध्येय फक्त ऑनलाइन ब्लिट्झ असेल तर दर महिन्याची फी भरण्याआधी थांबा. मी एकदा एका ऑनलाइन बॅचला तीन महिन्यांचे पैसे भरले होते, तिथे शेवटपर्यंत ओपनिंगचे व्हिडिओच दाखवले, माझी एकही गेम कुणी उघडून बघितली नाही. कोच लावायचाच तर दोन-तीन बैठका घ्या, आणि जाताना स्वतःच्या हरलेल्या वीस गेम्स घेऊन जा, त्या न बघता जो शिकवायला लागेल त्याच्याकडे परत जाऊ नका. मेंबरशिपचंही तेच, फुकटात मिळणारं सगळं वापरून संपलं की मग बघा.

ओपनिंगवर जास्त लिहीत नाही. पांढऱ्याने खेळताना एक ओपनिंग, काळ्याने ई४ ला एक उत्तर आणि डी४ ला एक, एवढं पुरे. फक्त ज्या सापळ्यात दोनदा सापडलात तो पाठ करा, उदाहरणार्थ दोन घोड्यांच्या बचावात पांढरा घोडा जी५ ला आला, तुम्ही डी५ केलं, त्याने प्याद्याने मारलं, तर लगेच एफ६ च्या घोड्याने ते परत खाऊ नका, सी६ चा घोडा ए५ ला न्या आणि त्याच्या उंटाला हटवा.

मग निवडायचं काय? वीस गेम्समध्ये पोझिशन चांगली असताना फ्लॅग पडलेल्या जास्त असतील तर ५+३ वर जा आणि रोज दहा मिनिटं एंडगेम, हत्ती-राजाची मात तीस सेकंदांत येईपर्यंत, नंतर राजा-प्याद्याचा एंडगेम. वेळ शिल्लक असताना सोंगट्या फुकट जात असतील, जे बहुतेकांचं असतं, तर आठवड्याला दोन रॅपिड आणि रोज पंधरा-वीस मिनिटं हळू पझल्स, ब्लिट्झ रोज फक्त तीन-चार गेम्स. दोन्ही नसेल, बाराव्या चालीलाच पोझिशन खराब होत असेल, तर ओपनिंग. रश आणि बुलेट मी १५०० च्या पुढच्यांसाठी ठेवीन.

त्या पोराने दुसरा मार्ग घेतला. रेटिंग अजून फार हललेलं नाही, १२३० च्या आसपास आहे. परवा डब्याच्या वेळी एक गेम दाखवली, पुन्हा घोडा बी५ ला आलेला, पुन्हा वजीर एफ६ ला, घड्याळात एक मिनिट चाळीस. या वेळी तो अकरा सेकंद थांबला होता आणि घोडा ए६ ला आणून त्याने सी७ राखलं होतं. गेम ड्रॉ झाली.