चाडची पूड म्हणून मी शिकेकाई विकत घेतली, ३४,४०० शिलिंगांना

फेब्रुवारी ते जून २०२४ या पाच महिन्यांत माझ्या आठ वर्षांच्या लेकीचे केस वाढावेत म्हणून मी एका बाईला ३४,४०० केनियन शिलिंग दिले. आपल्या हिशेबाने ही रक्कम बावीस हजार रुपयांच्या आसपास जाते. त्या बदल्यात, आफ्रिकेतल्या चाड देशातली केस वाढवणारी पूड म्हणून, मला शिकेकाई मिळाली. मी मूळची सांगलीची, अकरा वर्षे नैरोबीत राहते आणि दुसऱ्यांची बिले तपासून त्यांतल्या चुका काढणे हीच माझी नोकरी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांना हसायचे असेल तर एकदाच हसून घेता येईल. दोन महिने मी ही गोष्ट नवऱ्यापासूनही लपवली होती. परंतु गेल्या पंधरवड्यात इथल्याच दोन मराठी आयांनी, मी जिला फसले त्याच जाहिरातीबद्दल, मला "तुला काही अनुभव आहे का?" असे विचारले, तेव्हा गप्प बसणे मला जमले नाही.

माझा नवरा केनियातल्या न्येरीकडचा, किकुयू समाजातला आहे आणि लेकीने केस त्याचे घेतले आहेत: दाट, बारीक वेटोळ्यांचे, हाताला कापसासारखे लागणारे. अशा केसांबरोबर मी वाढलेले नाही. माझ्या आईने मला तेल, वेणी आणि रविवारचे न्हाणे शिकवले, आणि त्यातले जवळजवळ काहीही या केसांना जसेच्या तसे लागू पडत नाही. केसाचे मूळच वाकडे असल्यामुळे केस वळत वळत बाहेर येतो, डोक्यावरचे नैसर्गिक तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, टोके कोरडी राहतात आणि प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा ठरते. हे केस वाढत नाहीत असे नाही. ते वाढतात आणि वाढीइतकेच तुटतात, म्हणून लांबी जागच्या जागी राहिल्यासारखी वाटते. हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते, कारण माझ्या सासूबाईंनी ते मला कितीतरी वेळा सांगितले होते. तरीही आदल्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी चारचौघांत "हिचे केस कधी विंचरतच नाहीस का गं?" असे विचारले, आणि घरी येताना लेकीने गाडीत "माझे केस तुझ्यासारखे खाली का येत नाहीत?" असे विचारले. फसवणारी माणसे पैशांच्या शोधात असतात असे आपण म्हणतो, पण त्या बाईला माझ्यात आधी दिसली ती लाज. ती लाज मी स्वतःच तिला पहिल्या संभाषणात दाखवली होती.

जाहिरातीत एका मुलीचे दोन फोटो होते. पहिल्यात केस कानांच्या वर आकसलेले होते, दुसऱ्यात खांद्यांपर्यंत आलेले होते, आणि मधे "१२ आठवडे, ४ इंच" असे लिहिले होते. आता हिशेब पाहा. माणसाचा केस महिन्याला सरासरी सव्वा सेंटीमीटर वाढतो आणि आफ्रिकी केसांचा वेग त्याहून थोडा कमीच असतो. म्हणजे तीन महिन्यांत फार तर तीन-साडेतीन सेंटीमीटर. चार इंच म्हणजे दहा. हे गणित चौथीतले आहे. शिवाय असे केस ओले होऊन वाळताना किती आकसतात हे मी दर आठवड्याला पाहत होते: ताणली तर खांद्याला टेकणारी बट वाळल्यावर कानाच्या वर जाऊन बसते. धुऊन वाळू दिलेल्या केसांचा एक फोटो आणि त्याच केसांना ताण देऊन काढलेला दुसरा, असे एकाच दिवसात "चार इंच" सहज वाढवता येतात. या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे दोन्ही फोटोंत त्या मुलीचा वरचा एक दात अर्धा उगवलेला होता, अगदी सारखाच अर्धा. त्याच दिवसांत माझ्या लेकीचा दुधाचा दात पडून नवा येत होता आणि तो किती वर आला हे आम्ही रोज सकाळी आरशात पाहत होतो. बारा आठवड्यांत दात जागचा हलत नाही का? मला तो दात दिसला होता. मी म्हटले, असेल.

पुढची पद्धत नेहमीचीच आहे, तेव्हा लांबण लावत नाही. १,५०० शिलिंग भरून व्हिडिओ कॉलवर "केसांची तपासणी" झाली. त्या बाईने मला लेकीचा एक केस पाण्याच्या पेल्यात टाकायला सांगितला, तो तरंगला, आणि तिने गंभीर चेहऱ्याने निदान केले की हा केस पाणी आत घेतच नाही. केसाला तेलाचा किंवा क्रीमचा जरासा थर असला तरी तो तरंगतो. त्या पेल्यावरून काहीही ठरत नाही, हे मी नंतर वाचले. त्यानंतर १२ आठवड्यांचा संच ८,९०० ला आला आणि तो घरी पोचवण्याचे ३५० वेगळे झाले. पैसे मोबाइलवरून पाठवायचे होते. दुकानाचा नोंदलेला क्रमांक न देता तिने वैयक्तिक क्रमांक दिला होता आणि पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर आलेले नाव एका पुरुषाचे होते. "माझ्या भावाचा नंबर आहे, मामा," असे ती म्हणाली. इथे आईला मामा म्हणतात. जो माणूस व्यवसाय म्हणवतो आणि पैसे भावाच्या नावावर घेतो, त्याला एक शिलिंगही पाठवू नका. माझ्या कार्यालयात असे बिल आले असते तर मी ते लाल शेरा मारून परत पाठवले असते.

आता त्या डब्याविषयी. काळा, चकचकीत डबा होता, वर सोनेरी रंगात आफ्रिकेचा नकाशा होता आणि खाली "चाडच्या स्त्रियांचे चेबे" असे लिहिले होते. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, तारीख नाही, केनियाच्या मानकाचे चिन्ह नाही आणि पडताळण्यासाठी परवाना क्रमांकही नाही. चेबे ही खोटी वस्तू नाही. चाडमधल्या बासारा स्त्रिया क्रोटन नावाच्या झाडाच्या बिया, लवंग, महलब (एका रानटी चेरीच्या बियांतला गर) वगैरे भाजून-कुटून केलेली पूड तेलात कालवून केसांच्या लांबीला लावतात आणि वेण्या घालतात. त्याने केस उगवत नाहीत, पण ओल टिकते आणि तुटणे कमी होते. टाळूला ती लावायची नसते. त्या बाईने मात्र ही पूड पाण्यात कालवून टाळूसकट सगळीकडे लावायला आणि रात्रभर ठेवायला सांगितले.

पहिल्या रविवारी मी डबा उघडला आणि मला शिंका आल्या. सलग तीन. त्यानंतर जो वास आला, तो मला ओळखता आला नाही असे मी म्हणाले तर ते खोटे ठरेल. तो सांगलीच्या आमच्या न्हाणीघराचा वास होता, नरक चतुर्दशीच्या पहाटेचा, तांब्याच्या बंबातल्या धुराचा, डोळ्यांत गेलेल्या फेसाचा. आजी माझे डोके दोन्ही गुडघ्यांत धरून ज्याने घासायची, तोच वास. मी डब्याशी नाक नेऊन चक्क दोन मिनिटे बसले होते, माझे डोळे भरून आले होते, आणि मी स्वतःला सांगितले की अकरा वर्षे घरापासून दूर राहिल्यावर माणसाला कुठेही घरचा वास येतो. चाडमध्येही असेच एखादे झाड असेल. मूर्खपणाला इतके हळवे कारण देता येते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. पूड पाण्यात कालवली तेव्हा फेस आला. फेस! तेलात घालायच्या पुडीला फेस का यावा, हा प्रश्न मी विचारला नाही. माझ्या बाजूने एवढेच सांगते की ज्या बाईला आपल्याच मुलीच्या डोक्याबद्दल काही कळत नाही अशी तिची खात्री झालेली असते, ती आपल्या नाकावरही विश्वास ठेवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणी पन्नास वेळा वहीत लिहिली असेल. इथल्या भारतीय दुकानात तीच पूड दोनशे-अडीचशे शिलिंगांना मिळते.

शिकेकाईचा काहीही दोष नाही. ती मळ आणि तेल धुऊन काढते, ते तिचे कामच आहे. पण ज्या केसांना मुळातच तेल कमी पोचते, त्यांवर ती रात्रभर वाळवून ठेवली तर जे व्हायचे तेच झाले. चौथ्या आठवड्यात मानेवरचे केस तुटून बोटभर उरले, टाळूला खाज सुटली आणि उशीवर तुकडे दिसू लागले. मी फोटो पाठवले. उत्तर आले की कमजोर केस गळून जाण्याचा हा टप्पा असतो, आता थांबलात तर सगळे वाया जाईल, आणि दुसरा संच सवलतीत ७,४०० ला मिळेल. मी तो घेतला. त्याबरोबर आई-मुलींसाठी "केस आणि आत्मविश्वास" नावाचा वर्ग होता, १२,००० चा. सहा वर्ग ठरले होते, दोन झाले, आणि त्या दोन्हींत आरशासमोर उभे राहून स्वतःला शाबासकी द्यायला शिकवले. शेवटी जूनमध्ये "माल सीमाशुल्कात अडकला आहे" म्हणून ४,२५० मागितले, तेही मी दिले, आणि दुसऱ्या दिवशी तिने माझा क्रमांक बंद करून टाकला. लक्षण खरे असो वा खोटे, "बिघडते आहे म्हणजेच गुण येतो आहे" असे जो सांगेल, त्याच्याकडून त्याच क्षणी उठावे.

सासूबाई जुलैमध्ये आल्या. त्यांनी डबा हुंगला, मला विचारले, "हे तुमच्याकडचे आहे ना?" आणि पुढे एक शब्दही बोलल्या नाहीत. तो न बोललेला शब्द मला ३४,४०० पेक्षा महाग पडला.

आता तक्रारींची कथा. मोबाइलवरच्या पैशांची सेवा देणाऱ्यांनी सांगितले की रक्कम समोरच्याच्या खात्यात शिल्लक असेल तरच परत फिरवता येते आणि खाते रिकामे आहे. ज्या खात्यावर इतक्या लोकांचे पैसे येऊन लगेच निघून जातात, ते खाते चालू कसे राहते, या प्रश्नाला "आणखी काही मदत हवी आहे का?" असे उत्तर मिळाले. पोलिस ठाण्यात मेजामागच्या साहेबांनी आधी लेकीच्या डोक्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले व विचारले, "केस वाढले नाहीत म्हणून गुन्हा?" मागचे दोघे हसले. माल मिळाला का, हे मला तीनदा विचारण्यात आले. मिळाला म्हटल्यावर हा खरेदीतला वाद ठरतो असे समजावण्यात आले. तक्रारीचा पोलिसांच्या नोंदवहीतला क्रमांक, ज्याला इथे ओबी क्रमांक म्हणतात, मिळायला दोन तास चाळीस मिनिटे लागली, आणि तो मिळाला म्हणजे काही सुरू झाले असे समजणारी मी बहुधा त्या दिवसाची एकटीच असेन. दुसऱ्या मजल्यावर संभाषणाच्या छापील प्रती मागितल्या. ६४ पाने, दहा शिलिंग पान, आणखी ६४० शिलिंग. ती फाईल कुठे आहे हे आज तिथल्या कोणालाही सांगता येत नाही. केनियात संगणकीय गुन्ह्यांचा कायदा २०१८ पासून आहे आणि ग्राहक संरक्षणाचा २०१२ पासून. दोन्हींचे मुद्रित कागद मी बरोबर नेले होते आणि दोन्ही वेळा ते मला सौजन्याने परत देण्यात आले. ग्राहकांसाठी असलेल्या एका कार्यालयाने पाच आठवड्यांनी कळवले की विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. पत्ता असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? मी स्वतःच जाऊन उभी राहिले असते तिच्या दारात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तरीही ओबी क्रमांक घ्या, आणि पैसे गेल्याचे कळताच त्याच तासात सेवेला कळवा. मी तीन दिवस लाजण्यात घालवले.

लेकीचे केस आता सासूबाईंच्या हाती आहेत. आठवड्यातून एकदा सौम्य धुणे, ओल्या केसांत भरपूर कंडिशनर घालून रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे विंचरणे, पाण्याने ओले करून वर थोडे तेल, रात्री साटीनची टोपी. वेण्या घट्ट ओढायच्या नाहीत, नाहीतर कपाळावरची रेषा मागे जाते. कधीकधी काळ्या दोऱ्याने बटा गुंडाळून ताण देतात, ज्याला इथे उझी म्हणतात. त्या दोऱ्याला वीस-तीस शिलिंग पडतात. सासूबाई मे महिन्यातही आठवडाभर आल्या होत्या, तेव्हा त्यांनी तसे केले होते, आणि दोरा सोडल्यावर उरलेले केस खांद्यावर आलेले पाहून लेक इतकी हरखली की मी तो फोटो उत्साहाने त्या बाईला पाठवला. आदल्या दिवशीचा, धुतलेल्या केसांचा फोटोही तिच्याकडे होताच.

सप्टेंबरमध्ये नवी जाहिरात आली. दुसरे नाव, दुसरा क्रमांक, तोच काळा डबा, आणि दोन्ही फोटोंत माझी लेक, डोळे कापून टाकलेली. ज्या संकेतस्थळावर ती दिसते त्यांनी "आमच्या नियमांचा भंग आढळला नाही" असे कळवले आहे, आणि पोलिसांनी ही वेगळी बाब असल्यामुळे नव्याने रांगेत यायला सांगितले आहे. उद्या जाते आहे. तोपर्यंत ती जाहिरात तुम्हाला दिसली तर पैसे पाठवू नका, तिची तक्रार करा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. ओळखायला सोपी आहे: मुलीच्या मागे भिंतीवर मराठी कॅलेंडर आहे, आणि "आधी" व "नंतर" या दोन्ही फोटोंत ते मे महिन्याचेच पान दाखवते.