सूक्ष्मदर्शक जोडायचा ऑप्टिक्स किट: भिंगं चोख, स्टँड कच्चे

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला चौघाचौघांच्या बॅचकडून सूक्ष्मदर्शक जोडून घ्यायचा असेल, तर नाशिकला शालिमारच्या बाजूच्या एका दुकानात मिळणारा हा किट घ्यायला हरकत नाही. फक्त सोबतची पुस्तिका कपाटात ठेवा आणि स्टँडच्या दुरुस्तीचे थोडे पैसे वेगळे धरा. साडेचौदा हजारांत १ मीटरचा बेंच, सहा स्टँड, २५, ५०, १०० आणि २०० मिमी नाभीय अंतराची चार भिंगं, एक आयरिस (छिद्र लहानमोठं करता येणारा पडदा), हिरवा आणि पांढरा एलईडी, सपाट आरसा आणि पुढची लेन्स काढलेला यूएसबी कॅमेरा मिळतो.

भिंगांबद्दल तक्रार नाही. बारीक छिद्र, भिंग आणि मागे आरसा अशी मांडणी करून परतलेली प्रतिमा छिद्राशेजारीच रेखीव पाडली, की छिद्रापासून भिंगापर्यंतचं अंतर म्हणजेच नाभीय अंतर. ५० मिमीचं भिंग यात अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसलं. या किमतीत एवढं पुष्कळ झालं.

घोळ पुस्तिकेत आहे. ५० मिमीचं भिंग ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) म्हणून वापरायचं आहे आणि ते एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर आहे. पुस्तिकेतल्या आकृतीत फुगीर बाजू नमुन्याकडे दाखवली आहे. हे चूक. नमुना नाभीवर असतो आणि किरण पलीकडून समांतर बाहेर पडतात, म्हणून सपाट बाजू नमुन्याकडे आणि फुगीर बाजू समांतर किरणांकडे हवी. भिंग उलटं बसलं तर गोलीय विपथनाने (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळाल्याने) येणारा धूसरपणा जवळजवळ चौपट होतो. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंनी बसवून दोन फोटो काढायला लावा. फळ्यावर तासभर समजावण्यापेक्षा ते बरं.

पुस्तिका आयरिस पूर्ण १२ मिमी उघडायला सांगते, म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) ०.१२. विवर्तनाच्या (छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याच्या) हिशेबाने हिरव्या प्रकाशात सुमारे २.७ मायक्रोमीटरचा तपशील दिसायला हवा. पण तो दिसत नाही. हे एकेरी भिंग आहे, ॲक्रोमॅट (दोन काचा जोडून विपथन कमी केलेलं भिंग) नव्हे. १२ मिमी उघडं ठेवलं तर गोलीय विपथनाचाच ठिपका ५० मायक्रोमीटरच्या घरात जातो. आयरिस ६ मिमीवर आणली की विपथन आणि विवर्तन दोन्ही ५ ते ६ मायक्रोमीटरवर येऊन बरोबरीला बसतात. त्याहून बारीक केली तर विवर्तन वाढतं आणि चित्र पुन्हा मऊ पडतं. आयरिस हळूहळू मिटत नेऊन चित्र आधी सुधारतं आणि मग बिघडतं, हे डोळ्यांनी पाहणं हाच या प्रॅक्टिकलचा गाभा, आणि पुस्तिकेत नेमकं तेच नाही.

पांढरा एलईडी सध्या डब्यातच राहू द्या. ५० मिमीच्या साध्या काचेच्या भिंगात निळ्या आणि लाल रंगांच्या नाभी जवळपास ०.८ मिमी लांब पडतात आणि कडांना रंगीत झालर येते. हिरव्यावर ती राहत नाही.

ऑब्जेक्टिव्हमधून आलेल्या समांतर किरणांची प्रतिमा कॅमेऱ्यावर पाडायला २०० मिमीचं भिंग आहे. हे भिंग आणि कॅमेरा यांची जोडी आधी लावून घ्यायची, ऑब्जेक्टिव्ह न लावता. बेंच खिडकीकडे वळवा आणि दूरचा पांडवलेणीचा डोंगर स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा सरकवा, मग स्क्रू घट्ट करा. समोरच्या १० मीटरवरच्या झाडावर जुळवलं तर प्रतिमा २०४ मिमीवर पडते. मग दोन भिंगांमधले किरण समांतर राहत नाहीत आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की वर्धनही बदलतं. ही जोडी एकदा पक्की झाली की तिला हात लावायचा नाही. पुढचं फोकस फक्त नमुना हलवून करायचं.

आणि इथेच किट फसतो. ६ मिमी आयरिसला नमुना साधारण ०.१५ मिमीच्या आतच स्पष्ट राहतो, बेंचची पट्टी मात्र मिलिमीटरची आहे. हाताने स्टँड ढकलून फोकस मिळत नाही, मिळाला तरी स्क्रू आवळताना दांडा फिरतो आणि अक्ष मिलिमीटरभर बाजूला जातो. मुलं वैतागून भिंगच खराब आहे म्हणतात. उपाय सोपा आहे: नमुन्याचा होल्डर एका सरकत्या ठोकळ्यावर बसवून मागून एम ६ बोल्ट लावा. त्याचा आटा १ मिमीचा, म्हणजे अष्टमांश फेऱ्यात ठोकळा ०.१२५ मिमी सरकतो. समोरून स्प्रिंग लावली नाही तर उलट फिरवताना ठोकळा जागचा हलत नाही. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरला हे काम नवं नाही.

प्रकाशयोजना कोहलरची हवी, म्हणजे दिव्याची प्रतिमा नमुन्यावर न पडता उजेड सगळीकडे सारखा पडतो (कोहलरने ती १८९३ मध्ये मांडली). किटमधली एकमेव आयरिस ऑब्जेक्टिव्हला लागते, म्हणून नमुन्यावरचं उजळलेलं क्षेत्र मर्यादित करायला कार्डशीटला पंचने भोक पाडून घ्या. त्या भोकाची कड नमुन्याबरोबरच स्पष्ट दिसली आणि एलईडीच्या चिपची चौकट कुठेच दिसली नाही, तर मांडणी बरोबर. चौकट दिसली तर कलेक्टर भिंग (एलईडीसमोर लावलेलं) पुढेमागे करा.

२०० भागिले ५० म्हणजे वर्धन ४ पट. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३ मायक्रोमीटरचा, म्हणून नमुन्यावरचं १ मिमी अंतर १३३३ पिक्सेल भरायला हवं. स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली काच) किटमध्ये नाही, तो वेगळा घ्या. १२९० पिक्सेल आले तर खरं वर्धन ३.८७. जर्नलमध्ये हाच आकडा लिहायला लावा, ४ नव्हे.

नमुना म्हणून लाल कांद्याची बाहेरची जांभळी साल घ्या. रंग आपसूक असतो, डाग द्यावा लागत नाही, फक्त घडी पडू देऊ नका. द्राक्षाच्या पानावर भुरी आली असेल तर पारदर्शक चिकटपट्टीने उचलून काचेवर लावा. तिचे बीजाणू साधारण ३० मायक्रोमीटर लांब असतात, ते वेगवेगळे ओळखू येतात. आतलं काही या भिंगाने दिसणार नाही.

दुकानदार फुटलेलं भिंग सुटं देतो. आयरिस मात्र सुटी मिळत नाही, आणि तिच्या पात्या नाजूक आहेत. पावसाळ्यात भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर काचेवर बुरशीची जाळी धरते. पुसताना आधी फुगा मारून धूळ उडवा, मग लेन्स पेपरला आयसोप्रोपिल अल्कोहोल. शर्टाची बाही नको.